दाजी, मी टॉवेल उचलला

दाजी, तुम्ही असताना जो नियम घरात कुणी मोडला नाही, तो तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी मी मोडला. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगतो. उशाला हात घेऊन लवंडला असाल तर जरा उठून बसा. मी सुरुवात लांबून करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणायचा, "आमचं पावणं सांगलीस्नं म्हसवडला यायचं असलं तरी साताऱ्यावरनं येत्यात."

आक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी नुकता दहावी पास झालो होतो. आमचे वडील कोयनानगरच्या वसाहतीत पहारेकरी, त्यामुळं मेंढरं आमच्या घरातून एक पिढी आधीच गेली होती. तुमच्याकडं ती अजून होती. मी पहिल्यांदा तुमच्या गावी आलो तेव्हा तुम्ही मला कळपापाशी नेऊन विचारलंत, "पावणं, ह्यातली शेळी कंची?" मी पहिल्या श्रेणीच्या आत्मविश्वासानं बोट दाखवलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरुबर. फकस्त ती मेंढी हाय."

पुढं आयुष्यभर तुम्ही माझ्याशी असंच वागलात. आधी "बरुबर", मग दुरुस्ती. मी इतक्या परीक्षा दिल्या, पण असा परीक्षक परत भेटला नाही.

आता टॉवेलाचं. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी मेंढरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगायला लागेल, तेवढा वेळ तुम्ही तंबाखू मळा. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात तुम्ही सौद्याला उभे राहिलात की खांद्यावरचा टॉवेल खाली यायचा. घेणारा आणि देणारा, दोघांचे हात टॉवेलाखाली. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलणार, आणि खाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. दोन बोटं धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच; शेकडा का हजार ते जनावर बघून कळायचं. भोवती वीस माणसं माना वाकडी करून उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहायचा. टॉवेलाखाली जे धरलं ते बाहेर कधी बोलायचं नाही, मग सौदा होवो की मोडो.

ही रीत बाजाराची. ती घरात आणली ती मात्र तुम्ही. "तोंड समोरच्याला बरं वाटंल ते बोलतंय," तुम्ही म्हणायचा, "हाताला तेवढी अक्कल नसती." तुमच्या थोरल्या सुनीताला बघायला पाहुणे आले होते तो दिवस मला आठवतो. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती, तुमचे दोघे भाऊ तर मुलाकडच्यांपेक्षा जास्त मुलाचं कौतुक करत होते. अशा गर्दीत एकवीस वर्षांची मुलगी काय बोलणार? तुम्ही तिला आतल्या खोलीत बोलावलंत, टॉवेल पसरलात आणि म्हणालात, एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नको. बाहेर येऊन पाहुण्यांना हात जोडलेत, "आमचं जमायचं न्हाई, माफी असावी." भाऊ चिडले. नको कोण म्हणालं ते सांग, म्हणून मागं लागले. तुम्ही सांगितलंत, "टावेल म्हनला." सुनीता आता खंडाळ्याला सुखात आहे, आणि ते नको तिचं होतं हे तिनं स्वतः आम्हाला सांगितलं ते दोन मुलं झाल्यावर. तुमच्या तोंडून ते कधीच आलं नाही.

मला हेवा वाटायचा. मी सांगलीत एका महाविद्यालयात पदव्युत्तर प्रवेशाच्या खिडकीत बसतो. एम.ए. करू का एम.कॉम., रोज जाऊन करू का घरी बसून, एम.एस्सी. का सरळ एम.बी.ए., असं पोरं विचारतात आणि मी सांगतो. वीसेक वर्षं सांगतोय. खिडकीला टॉवेल असता तर निम्म्या पोरांनी वेगळीच पदवी घेतली असती. कारण मागं बाप उभा असतो, आणि मी बापाकडं बघून बोलतो.

माझ्या स्वतःच्या पदव्या सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहेत. एक एम.ए., एक ग्रंथालयाची, आणि एक अर्धवट एम.फिल. ते मी सोडलं, आणि पुढं काही वर्षांनी सरकारनं एम.फिल.च बंद करून टाकलं. "माझ्याआधी माझी पदवी वारली," असं मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात. तुम्ही कधी हसला नाहीत. का ते मला कळत होतं. त्या एम.फिल.साठी माझ्यापेक्षा जास्त पायपीट तुम्ही केली होती.

विषय माणदेशातले आठवडी बाजार. तुम्ही वर्षभर मला मागं घेऊन हिंडलात. तुमच्या एम.एट्टीवर मागं बसून मी वही भरायचो, आणि खड्डा आला की अक्षर म्हसवडकडं जायचं. त्याच वर्षी मी आटपाडीत तो पराक्रम केला. एका व्यापाऱ्यानं टॉवेलाखालून माझ्याकडं हात केला. मी कोयनानगरच्या इंग्रजी संस्कारात वाढलेला. कुणी हात पुढं केला की आपण हात मिळवायचा, एवढंच शिकलेलो. मी हसून त्याचा हात चांगला घट्ट धरला आणि हलवला. अख्खा पंजा. तो म्हणाला, "दिला," आणि माडग्याळ जातीच्या एका एडक्याची दोरी माझ्या हातात देऊन मोकळा झाला. पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेला तो एडका माझ्याकडं, आणि मी त्याच्याकडं, असे आम्ही बराच वेळ बघत राहिलो. तुम्ही धावत आलात. त्या माणसाला काय सांगितलंत ते मी ऐकलं: "आमचं पावणं सायबावानी हात मिळिवत्यात. त्येंचं पाच न्हवं त्ये, त्येंचा रामराम हाय." तो हसला, दोरी परत घेतली. टॉवेलाखाली धरलेलं मागं घेतल्याचं त्या बाजारात पहिल्यांदाच झालं असेल, आणि ते तुमच्या शब्दावर झालं.

दाजी, ते एम.फिल. मी का सोडलं ते तुम्हाला खरं कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं, तारीख गेली. तारीख आपोआप जात नाही, मी ती घालवली. टॉवेलाच्या सौद्यावर मी एक प्रकरण लिहिलं होतं, बावीस पानांचं. माझ्या मार्गदर्शकांना ते आवडलं. त्यांनी एवढंच विचारलं, ही माहिती कुठून आली ते खाली टिपेत द्या. पुस्तक असेल तर पुस्तक, माणूस असेल तर माणसाचं नाव आणि व्यवसाय. बरोबरच्या मुलांच्या टिपांत जुने अहवाल होते, इंग्रज कलेक्टर होते. आणि मी लिहायचं काय, तर "आमचे दाजी, मेंढरांचे व्यापारी". माझं पेन तिथं अडलं. आज लिहितो, उद्या लिहितो करत अडलं ते अडलंच. तुम्ही वर्षभर मला मागं बसवून हिंडवलंत, आणि मला तुमचं नाव खाली बारीक अक्षरात लिहायची लाज वाटली.

मधूनमधून तुम्ही विचारायचा, "पावणं, आमचं बाजार कुठवर आलं?" मी म्हणायचो, चाललंय. मग विचारायचं सोडलंत. त्या सोडण्यात राग नव्हता, हेच मला जड जायचं.

एवढं लांबून आलो, आता तुमच्या धाकटीकडं येतो.

शीतल बी.एस्सी. झाली आणि तिच्या हातात दोन पत्रं आली. एक पुण्याचं, दोन वर्षांच्या एम.एस्सी.चं. दुसरं बंगळूरच्या एका संस्थेचं, तिथं एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकातच, पाच वर्षं, लांबलं तर सहा. विषय मेंढरांच्या पोटातले जंत. आक्कानं कपाळावर हात मारला. म्हणाली, "जंत बगायला बंगळूरला कशाला, हितं काय कमी हाईत व्हय?"

तुम्ही मला बोलावून घेतलंत. एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं मी दोन रकाने आखले. खिडकीतला आवाज काढला. दोन वर्षांच्या पदवीत वर्ग असतात, परीक्षा असतात, अभ्यासक्रम ठरलेला असतो, संपली की नोकरी बघता येते. पाचाच्या पदवीत आधी तेच, पण मग आपला एक प्रश्न घ्यायचा आणि उरलेली वर्षं त्याच्या मागं लागायचं, ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही असा प्रश्न.

"मास्तरलाबी म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मग त्यो तपासनार कसा?"

दाजी, मी इतक्या पोरांना हे समजावलं, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पत्रिका उलटी करून नवऱ्यामुलाचं नाव वाचत बसलो. तुम्हीच थोड्या वेळानं म्हणालात, "म्हंजे ह्ये रान बगायला जायासारखं हाय. सगळा कळप मळलेल्या वाटंनं जातोय. येक गडी म्होरं जातोय, कुठं चारा हाय बगाया. त्येला कोन तपासनार? मागनं मेंढरं चरली की कळतंयच." आणि माझ्याकडं बघून, "बरुबर का?" मी म्हटलं, बरोबर. दुरुस्ती नव्हती.

मग तुम्ही विचारलंत, मध्येच सोडलं तर हातात काय? मी क्षणात म्हणालो, काहीच नाही. शीतल चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मामा, मध्ये सोडलं तर एम.एस्सी. मिळते. पत्रात लिहिलंय." ते पत्र मी दोनदा वाचलं होतं. मी उत्तर पत्रातलं दिलं नव्हतं, माझ्या अर्धवट वहीतलं दिलं होतं. तुम्ही सुपारी तेवढी कातरलीत.

तरीही मी त्या दिवसापासून दोन वर्षांची बाजू लावून धरली. तुमच्या छातीत दुखायला सुरुवात झाली होती. आक्काचे मला रोज फोन, "तू सांग, तुजंच ऐकत्यात त्ये. पुण्यासनं पोर घटकंत घरी यील. बंगळूरासनं कवा यायची?" मी बहिणीचं ऐकलं. मुलीचं वय, नोकरी, परका मुलूख, तिथली भाषा, सगळं काढलं. तुम्ही म्हणालात, भाषेचं काय सांगता, जतकडची आपली निम्मी पावणीरावळी कानडीच बोलत्यात. आपण दोघं फोनवर भांडलो, समोर भांडलो, कळपासमोर भांडलो. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "पावणं, तुमी खिडकीतनं बोलताय. जरा भाईर येऊन बोला." ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

नंतर तुम्ही तपासणीसाठी माझ्याकडं सांगलीला आलात. कुपवाड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुमचं मन रमायचं नाही. गॅलरीतून कारखान्यांकडं जाणाऱ्या दुचाक्यांची रांग बघून म्हणालात, "ह्येंस्नी हाकतंय कोन?" त्या दुपारी शीतलनं मला तिचा अर्ज दाखवला. इंग्रजी तपासून द्या म्हणाली. हा बंगळूरला आधीच पाठवलेला अर्ज, आता तपासून काय होणार होतं, पण मामाचा मान ठेवायची तुमच्या घरात पद्धत आहे. त्याची पहिलीच ओळ इंग्रजीत अशी होती: माझे वडील मेंढरांचा व्यापार करतात, ते म्हणतात की हल्ली औषध पाजूनही जंत मरत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे का व असेल तर का, हे मला शोधायचं आहे.

दाजी, मी चष्मा काढून पुसला. मला जी टीप लिहिता आली नव्हती, ती या पोरीनं पहिल्या ओळीत लिहिली होती. आणि तेवढ्यावर तिला जागा मिळाली होती. मी म्हटलं, इंग्रजी ठीक आहे. एका स्वल्पविरामाची जागा बदलायला सांगितली, कारण काहीच न सांगणं माझ्याच्यानं होत नाही.

संध्याकाळी चहा झाला. आक्का, शीतल, माझी बायको, सगळी बसली होती, टीव्ही चालू होता. मी पुन्हा दोन वर्षांचं पुराण लावलं होतं. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात आणि माझ्या हातावर टाकलात. म्हणालात, "पावणं, तोंडानं बास झालं."

मी तुमचा हात चाचपला. तोंडानं मी अजून पुण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक सांगत होतो, आणि टॉवेलाखाली मी तुमचा अख्खा पंजा धरला. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. टीव्हीकडं बघत होता. मग तुम्ही हात फिरवलात आणि माझा पंजा धरलात, पाचही बोटं, घट्ट. तुमच्या तळहाताला दोऱ्यांचे घट्टे होते. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "छ्या. पावण्याचं आन् माजं जमत न्हाई."

आक्काला वाटलं, भाऊ आपल्या बाजूनं ठाम आहे. माझा मान राहिला. तुम्ही तो राखलात. आणि उठताना हळूच म्हणालात, "पोरीला शेवटी इच्यारतो. तिच्यावर आपलं वझं नगं."

ते विचारायचं राहिलं. तीन आठवडेही झाले नाहीत, तुम्ही गेलात.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी राहिलो, कारण पंधराव्या दिवशी दोन्हीकडच्या जागांची शेवटची तारीख होती आणि तारखा हा माझा प्रांत. दुपारी शीतल ओट्यावर मोबाईल घेऊन बसली होती. आक्का दारात जोंधळं निवडत होती. तुमचा टॉवेल खुंटीला होता. शीतल म्हणाली, "मामा, मी पुणंच घेते. आप्पा भांडायचे तुमच्याशी, पण शेवटी त्यांच्या मनात काय ठरलं होतं ते आता कळायचं नाही. तुम्ही पहिल्यापासून तेच सांगत होता, तर तुमचंच ऐकलेलं बरं."

तुमचंच ऐकलेलं बरं. खिडकीत बसल्यापासून हे वाक्य ऐकायला माझे कान आसुसलेले असतात. त्या दिवशी ते ऐकवेना. ज्या दोघांनी ते पाच धरलं होतं, त्यातला एक गेला होता. दुसऱ्यानं तोंड उघडलं नाही तर ती पोर एका खोट्या उत्तरावर पुण्याला जाणार होती. मी तीनदा बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा पुण्यातल्या वसतिगृहाबद्दल बोललो. दुसऱ्यांदा तिथल्या पाण्याबद्दल. तिसऱ्यांदा उठलो, खुंटीवरून टॉवेल घेतला, तिच्या हातावर टाकला आणि तिचा अख्खा पंजा धरला.

ती बघत राहिली. "हे काय, मामा?"

"माझं उत्तर. सांगलीत तुझ्या आप्पांना दिलेलं."

"तुम्ही तर दोन म्हणत होता."

"ते तोंडाचं होतं."

तिनं टॉवेलाची कड सरळ केली. मग विचारलं, "आणि आप्पांचं?"

इथं मी नियम मोडला, दाजी. स्वतःचं सांगितलं ते एक वेळ चाललं असतं, दुसऱ्याचं सांगायचा अधिकार कुणालाच नसतो. मी टॉवेल उचलून बाजूला ठेवला आणि तोंडानं, स्पष्ट, सांगितलं: तुझ्या बापानंही पाचच धरले होते. तुला शेवटी विचारणार होते.

तिनं रडून घेतलं. मग तिनंच टॉवेल परत माझ्या हातावर ओढला आणि खालून माझा पंजा धरला. तुमचं विचारायचं राहिलं होतं, ते असं झालं. उत्तर तुम्हाला कळवतोय, तुमच्यापासून ते लपवायचा प्रश्न येत नाही.

पण पोर उठेना. दाराकडं बघत होती. आक्का जोंधळं निवडत होती आणि सूप केव्हाचं रिकामं होतं.

"मलाबी इच्यारलं व्हतं त्येनी," आक्का म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं. बायका बाजारात सौद्याला उभ्या राहत नाहीत, म्हणून टॉवेलाची भाषा आक्काला येत असेल असं माझ्या दोन पदव्यांना कधी वाटलंच नव्हतं. मी विचारलं, मग तू काय धरलंस?

"काय न्हाई. मूठ झाकून ठिवली. म्हनलं, आदी तुमी बरं हुवा, मग उगडीन." आणि पुन्हा रिकाम्या सुपात बोटं फिरवू लागली.

मी टॉवेलाची घडी घालून ओट्यावर ठेवली. 

शीतलनं मोबाईल उचलला, बंगळूरचं पान उघडलं. जागा घेतो म्हणून कळ दाबली, तर कुठल्यातरी क्रमांकावर ओटीपी पाठवलाय असं आलं. आम्ही वाट बघितली. तिच्या फोनवर काहीच नाही. मग तिच्या लक्षात आलं, अर्ज भरताना तिनं पालकांचा म्हणून तुमचा नंबर दिला होता.  तुमचा तो बटणांचा फोन पंधरा दिवसांत बंद पडला असणार, कुठं असेल कुणास ठाऊक. तेवढ्यात आत फडताळात वाजला. आक्का उठली, आणि फोन घेऊन आली. रोज चार्ज करत होती. कशासाठी ते आम्ही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

मी तो हातात घेऊन वाचला. सहा आकडे, आणि खाली नेहमीची ओळ. मी कारकून माणूस, सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, यात लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका.

आक्कानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. "मग मी तरी कशी सांगू?" म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. फोन पदराखाली.

तिच्यावर जोर करावा असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. मिनिटं गेली. त्या आकड्याची मुदत संपली. मला वाटलं, संपलं, हीसुद्धा तारीख आता माझ्यासमोर जाणार.

मग आक्का म्हणाली, "दुसरा मागिव."

शीतलनं मागवला. फोन पदराखाली वाजला. आक्कानं तो डाव्या हातात धरला, लांब नेऊन आकडे बघितले, आणि ओट्यावरचा तुमचा टॉवेल उजव्या हातावर घेतला. शीतलपुढं हात केला. कुणाला सांगायचं नाही म्हटल्यावर तिनं सांगितलं नाही, दाजी. तिनं धरलं. आधी चार बोटं. शीतलनं चार दाबले. मग पंजा आणि वर दोन, सात. मध्ये एक शून्य आलं तेव्हा आक्का अडली, क्षणभर विचार केला, आणि बहुतेक मूठ केली असावी, कारण शीतल एकदम हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका हातानं ती आकडे दाबत होती, दुसरा टॉवेलाखाली. मी वेळ मोजायला घड्याळ धरून उभा होतो, मला कुणी विचारत नव्हतं.

सहा आकडे पूर्ण झाले. मोबाईलवर हिरवी खूण आली. तुमच्या फोनवर अभिनंदनाचा मेसेज आला. आक्कानं विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, जमलं म्हणतोय.

सौदा झाला की टॉवेल झटकून खांद्यावर टाकायचा असतो. आक्कानं झटकला नाही. तिचा हात टॉवेलाखाली तसाच होता, शीतलचाही. दोघी समोर शेवग्याकडं बघत बसल्या होत्या आणि खाली त्यांचं काहीतरी चाललं होतं. काय चाललं होतं ते मला माहीत नाही, दाजी. या वेळी मी टॉवेल उचलला नाही.